पिथियममध्ये सापडलेलं सिटोस्टेरॉल बटाट्याचं आहे

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यात एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने पाच जीवांच्या पेशीपटलातल्या मेदांची तुलना केली आहे: बेकरीचं यीस्ट, कॅन्डिडा अल्बिकन्स, वाशीच्या एपीएमसीतून आणलेल्या कांद्यावरची ॲस्परजिलस नायजर, पावावरची रायझोपस आणि सडक्या आल्यातून वेगळं काढलेलं पिथियम. यीस्ट आणि कॅन्डिडा वायपीडीत (यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, पेप्टोन आणि ग्लुकोजच्या माध्यमात) वाढवले, बाकीचे तिघे लॅबमध्येच उकडलेल्या बटाट्याच्या पाण्यात. कॅन्डिडा ३७ अंशांना, बाकी सगळे ‘रूम टेम्परेचर’ला. ब्लाय-डायर पद्धतीने, म्हणजे क्लोरोफॉर्म-मेथॅनॉलने, मेद काढले. अर्धे मिथाइल एस्टर करून मेदाम्लांसाठी जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफवर) लावले, अर्ध्यांचं साबणीकरण (अल्कलीने विघटन) करून स्टेरॉलांसाठी जीसी-एमएसवर (मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेल्या जीसीवर). निकाल असे: ॲस्परजिलसमध्ये १८:२ (१८ कार्बन आणि २ द्विबंधांचं मेदाम्ल) भरपूर, यीस्टमध्ये जवळजवळ नाहीच, एर्गोस्टेरॉलची (बहुतेक बुरशींच्या पटलातल्या, कोलेस्टेरॉलच्या जातीच्या मेदाची) टक्केवारी रायझोपसमध्ये सर्वांत कमी, पिथियममध्ये एर्गोस्टेरॉल नाही, पण सिटोस्टेरॉल (वनस्पतींतलं तसंच स्टेरॉल) आहे. विचारणा दोन गोष्टींची आहे. पिथियमचं हे नवं निरीक्षण म्हणून मांडता येईल का? आणि ‘या बुरशींची पेशीपटलं वेगवेगळी आहेत’ असं लिहिता येईल का?

पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं उत्तर, काही बाबतींत हो आणि बऱ्याच बाबतींत तुमच्या प्रयोगावरून सांगता येणार नाही. मी महाप्याच्या एका लॅबमध्ये सव्वीस वर्षं मेदांचीच तपासणी करतेय. यातली प्रत्येक चूक मी स्वतः एकदा तरी केलेली आहे, त्यामुळे खालचं वाचताना ओरडा खातोय असं वाटू देऊ नका.

आधी पिथियम. दिसायला ते बुरशीसारखंच. तंतू काढतं, कंद कुजवतं. पण बुरशींच्या कुळातलं नाही. ते ऊमायसीट, नात्याने तपकिरी शैवालं आणि डायटम यांच्या जवळचं. या मंडळींना स्टेरॉल मुळापासून बनवता येत नाही. नुसत्या वाढीसाठी ते लागतंच असंही नाही, पण समोर आलं की उचलतात आणि आपल्या पटलात बसवतात. ऊस्पोर (लैंगिक पुनरुत्पादनातले बीजाणू) धरायचे असतील तर मात्र बाहेरून मिळावंच लागतं. आता तुम्ही काय केलंत? लिटरला दोनशे ग्रॅम बटाटे उकडले आणि फडक्यातून पिळले. त्या पिळण्यात बटाट्याच्या पेशींचा बारीक गाळ उतरतो, आणि बटाट्याचं मुख्य स्टेरॉल सिटोस्टेरॉलच आहे. खात्री करायची तर ज्यात काहीच पेरलेलं नाही असा माध्यमाचा एक फ्लास्क घ्या, बाकीच्यांसारखाच हाताळा आणि जीसी-एमएसवर लावा. सिलिल केलेल्या सिटोस्टेरॉलचा ४८६ चा आयन, सोबत ३९६ आणि ३५७, तुम्हाला त्या रिकाम्या फ्लास्कातच भेटतील. तुम्ही दिलेल्या यादीत हा रिकामा फ्लास्क कुठेच नाही, आणि मला सगळ्यात जास्त तेच खटकलं.

आपल्याकडच्या द्राक्षबागायतदारांना हा फरक रसायनशास्त्र न शिकता माहीत असतो. भुरी रोगावर हेक्झाकोनॅझोलसारखं ट्रायझोल (बुरशीनाशकांचा एक गट) चालतं, केवडा रोगावर चालत नाही. भुरी ही खरी बुरशी, स्वतःचं स्टेरॉल स्वतः बनवणारी; ट्रायझोल तो कारखानाच बंद पाडतं. केवडा पिथियमच्या गोतावळ्यातला. कारखानाच नाही तर बंद काय पाडणार?

आता मूळ मुद्दा. कोणता मेद आहे आणि कोणता नाही, हे त्या जीवाकडे कोणती जनुकं आहेत त्यावर ठरतं. किती आहे, हे माध्यम, तापमान, हवा, वय, कापणीची वेळ यांवर ठरतं. तुमच्यासारख्या प्रयोगात पहिल्या प्रकारचे निष्कर्ष बहुधा टिकतात, दुसऱ्या प्रकारचे टिकत नाहीत. तुमचे निकाल याच चाळणीतून काढू.

यीस्टमध्ये १८:२ नाही, हे टिकतं. सॅकरोमायसिस सेरेव्हिसीकडे मेदाम्लात द्विबंध घालणारं एकच एन्झाइम आहे, ओएलई-१ जनुकाचं, आणि ते फक्त नवव्या कार्बनपाशी काम करतं. म्हणून त्याच्याकडे १६:० आणि १८:०, आणि त्यांपासून १६:१ आणि १८:१. पुढे गाडी जात नाही. तुमच्या तक्त्यात यीस्टपुढे जे अर्धा-पाऊण टक्का १८:२ दिसतं ते माध्यमातून आलेलं असणार. कॅन्डिडा आणि ॲस्परजिलसकडे बाराव्या कार्बनवर काम करणारं एन्झाइम आहे, त्यामुळे १८:२ आहे, आणि कॅन्डिडा पुढे १८:३ पर्यंतही जाते. हा फरक माध्यम बदललं तरी राहील. बिनधास्त लिहा.

एक गोष्ट तुमच्या हातात होती आणि निसटली. रायझोपसमध्येही १८:३ आहे, कॅन्डिडातही आहे, आणि तुम्ही दोन्ही एकाच रकान्यात टाकलेत. ते एक नव्हे. रायझोपस, म्युकर यांचं १८:३ हे गॅमा-लिनोलेनिक, म्हणजे द्विबंध सहाव्या, नवव्या आणि बाराव्या कार्बनवर. कॅन्डिडाचं अल्फा: नववा, बारावा, पंधरावा. ध्रुवीय कॉलमवर दोन्हींची वेळ वेगळी पडते. प्रमाण म्हणून दोन्ही मिथाइल एस्टर घ्या आणि एकत्र लावून बघा, दोन पीक सुटे दिसतील. तुमच्या सगळ्या कामात बुरशींच्या दोन मोठ्या गटांमधला फरक इतक्या स्वच्छपणे दुसरं काहीच दाखवत नाही.

आता ‘किती’कडे. ‘रूम टेम्परेचर’ हा शब्द वहीतून खोडा. ठाण्यात मे महिन्यात दुपारी बंद लॅबमध्ये ३४ अंश असतात, जानेवारीच्या पहाटे २० च्या आसपास. थंडी वाढली की जीव आपलं पटल वाहतं ठेवायला द्विबंध वाढवतो, उकाडा वाढला की कमी करतो. तूप थिजतं आणि तेल थिजत नाही, त्यातलंच हे. तेव्हा कॅन्डिडा ३७ ला आणि ॲस्परजिलस ‘रूम’ला वाढवून त्यांच्या असंपृक्ततेची तुलना केली तर त्यात बुरशीचा वाटा किती आणि पंख्याचा किती, हे सांगता येत नाही. पाचही जीव ३० अंशांना नीट वाढतात. एकच इन्क्युबेटर, ३० अंश. ‘प्रत्येकाला त्याचं आवडतं तापमान द्यावं’ असंही काही गाइड सांगतात. तो प्रश्न चुकीचा नाही, पण वेगळा आहे. एका प्रबंधात दोन्ही मिसळू नका.

हवेचं मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण ते कुणी सांगत नाही. आमच्या औद्योगिक पट्ट्यात शुक्रवार सुट्टीचा, त्यामुळे विजेची दुरुस्ती निघाली की शुक्रवारीच. मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. मे महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी मुद्दाम येऊन मी यीस्टचे सहा फ्लास्क शेकरवर चढवले आणि ठाण्याला घरी गेले. शनिवारी आठ वाजता आले तर सगळं जागच्या जागी: शेकर फिरतोय, फ्लास्क गढूळ, वास नेहमीचा. पेशी गोळा केल्या, साबणीकरण केलं, हेप्टेनमध्ये काढून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर लावलं. एर्गोस्टेरॉलची ती तीन टोकदार शिखरं, २७१, २८२ आणि २९३ नॅनोमीटरची, नेहमीच्या निम्म्यावर. दोन दिवस मी पोटॅश, हेप्टेन, क्युव्हेट, सगळ्यांना दोष देत बसले. मग सहज शेकरच्या तासमापकाकडे लक्ष गेलं. तिथे २२ च्या जागी ४ तास होते. वॉचमनच्या वहीत नोंद सापडली: ‘लाइट गेली ११ वाजता, आली पहाटे ५’. म्हणजे अठरा तास फ्लास्क नुसते उभे, यीस्ट तळाला बसून हवेविना वाढलेलं.

एर्गोस्टेरॉलचा एक रेणू बनवायला पेशीला ऑक्सिजनचे १२ रेणू लागतात. मेदाम्लात द्विबंध घालायलाही ऑक्सिजनच लागतो. हवेविना यीस्टला वाढवायचं तर एर्गोस्टेरॉल आणि असंपृक्त मेदाम्ल बाहेरून द्यावं लागतं, हे आंद्रेआसन आणि स्टिअर यांनी १९५३-५४ मध्येच दाखवलंय. आणि गंमत अशी की हवा भरपूर असते तेव्हा यीस्ट बाहेरचं स्टेरॉल आत घेत नाही, हवा संपली की घेतं. तुमच्या वायपीडीत यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आहे, म्हणजे त्यात थोडं एर्गोस्टेरॉल आयतं आलेलं आहे. तेव्हा फ्लास्क एक पंचमांशच भरा, त्याहून जास्त नको. सगळ्यांना एकाच आकाराचे फ्लास्क, शेकरचा वेग एकच, आणि तासमापकाचा आकडा रोज वहीत.

कापणीची वेळही घड्याळावर ठरवू नका. ४८ तासांत यीस्ट साखर संपवून विसावलेलं असतं आणि ॲस्परजिलस अजून जेवतच असते. विसावलेलं यीस्ट जास्तीचं स्टेरॉल मेदाम्लाला बांधून तेलाच्या थेंबांत साठवतं. साबणीकरण केलं की हे बांधलेलं आणि पटलातलं मोकळं, दोन्ही एकत्र मोजलं जातं. माध्यमात साखर शिल्लक असतानाच कापा. आम्ही औषधाच्या दुकानातली, लघवीतली साखर बघायची पट्टी वापरतो. दोन टक्के ग्लुकोज म्हणजे डेसिलिटरला २००० मिलिग्रॅम, पट्टी तिथे गडद होऊन बसते. नमुना दसपट पातळ करून बुडवा आणि रंग अर्ध्यावर आला की थांबा. अगदी शास्त्रशुद्ध नाही, पण पाचही फ्लास्क साधारण एकाच टप्प्यावर पकडता येतात.

रायझोपसच्या ‘सर्वांत कमी एर्गोस्टेरॉल’चं आता बोलू, कारण तुमच्या तक्त्यातली सगळ्यात फसवी ओळ तीच आहे. तुम्ही टक्के काढलेत एकूण मेदाचे. म्युकर-रायझोपसच्या घराण्याला तेल साठवायची सवय आहे. समजा एका पेशीत पटलाचे मेद ८० आणि साठ्याचं तेल २०. पटलाचा वाटा ८० टक्के. आता तीच पेशी आणखी तेल साठवते, २० चे १२० होतात, पटलाला कुणी हातही लावलेला नाही. एकूण २००, पटलाचा वाटा ४० टक्के. कागदावर पटल निम्मं झालं! टक्केवारी हा नेहमी वाटणीचा हिशोब असतो. एका भावाचा वाटा वाढला तर दुसऱ्याची जमीन कमी झालेली दिसते, मग त्याने गुंठाही विकलेला नसो. तुमचा १८:२ चा आकडाही याच रोगाने ग्रासलेला आहे, कारण ते १८:२ पटलातलं किती आणि तेलातलं किती हे तुम्ही वेगळं केलेलंच नाही.

उपाय जुनाच. सिलिकाचा छोटा कॉलम. क्लोरोफॉर्मने तेल आणि स्टेरॉल उतरवा, ॲसिटोनने शर्करायुक्त मेद, मग मेथॅनॉलने फॉस्फोलिपिड, म्हणजे पटलाचे मुख्य मेद. मेदाम्लं मोजायची ती या शेवटच्या भागाची. आणि भागाकार कोरड्या वजनाने नको. रायझोपसच्या जुन्या तंतूंत निम्म्या नळ्या रिकाम्या असतात, वजन सगळं भित्तीचं. फॉस्फोलिपिडातला फॉस्फरस मोजा आणि मोकळं स्टेरॉल भागिले फॉस्फोलिपिड, असं मोलमध्ये गुणोत्तर द्या. पटलाबद्दल काही म्हणायचं असेल तर हा आकडा बोलतो. फक्त माध्यमात फॉस्फेट सगळ्यांना सारखं आणि पुरेसं असू द्या. फॉस्फेटची चणचण झाली की न्यूरोस्पोरासारख्या बऱ्याच बुरशी फॉस्फरस नसलेले बेटाइन मेद बनवून फॉस्फॅटिडिलकोलीनची जागा भरून काढतात. मग तुमचा छेदच डळमळतो.

रायझोपसमध्ये एर्गोस्टेरॉल असतं, यात शंका नको. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या रुग्णांचे नातेवाईक ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी गावोगाव फिरत होते, ते याचमुळे. हे औषध पटलातल्या एर्गोस्टेरॉललाच धरतं. फ्लुकोनॅझोल मात्र या बुरशींवर चालत नाही, कारण ते ज्या एन्झाइमला अडवतं त्याची ठेवणच इथे वेगळी आहे. म्हणजे मेद तोच असला तरी औषध तेच चालेल असं नाही. (त्या वेळी कांद्यावरच्या काळ्या भुकटीमुळे ‘काळी बुरशी’ होते असा मेसेज फिरला होता. कांद्यावरची ती भुकटी म्हणजे तुमची ॲस्परजिलस नायजर. तिचा म्युकरशी काही संबंध नाही.) ॲम्फोटेरिसिनच्याच जातीचं एक औषध आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये सापडलं होतं, हॅमायसिन, ते बनवणाऱ्या जीवाला नावही स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असं दिलं गेलं. प्रस्तावनेत न्यूयॉर्क स्टेटवरून नाव पडलेल्या निस्टॅटिनचा दाखला दिलाच आहात, तर हाही द्या.

‘बुरशी म्हणजे एर्गोस्टेरॉल’ हे वाक्य मात्र प्रस्तावनेतून काढा. १८८९ मध्ये तान्रे यांनी ते राईवरच्या अर्गटमधून वेगळं केलं, नावही तिथूनच पडलं, आणि बहुतेक ओळखीच्या बुरशींत ते असतंही. पण मॉर्टिएरेला अल्पिनात मुख्य स्टेरॉल डेस्मोस्टेरॉल आहे, बऱ्याच कायट्रिडांत (पोहणारे बीजाणू सोडणाऱ्या आदिम बुरशींत) कोलेस्टेरॉल. तांबेऱ्याच्या बुरशींत वेगळीच स्टेरॉलं सापडतात. फुप्फुसात राहणारी न्यूमोसिस्टिस यजमानाचंच कोलेस्टेरॉल वापरते, म्हणून तिच्यावर ॲम्फोटेरिसिन उपयोगी पडत नाही आणि कोट्रायमोक्साझोल द्यावं लागतं. यातली बरीच स्टेरॉलं २८२ नॅनोमीटरवर दिसतच नाहीत, कारण त्यांच्यात एर्गोस्टेरॉलसारखे कड्यातले लागोपाठचे दोन द्विबंध नाहीत. तुम्ही जीसी-एमएस वापरलंत हे उत्तम केलंत. नुसत्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर तुमचं पिथियम ‘स्टेरॉलरहित’ ठरलं असतं.

स्फिंगोलिपिड, म्हणजे पटलातल्या मेदांचा आणखी एक गट, तुम्ही पाहिलेच नाहीत, आणि ‘आहे-नाही’च्या हिशोबात तिथे मोठा ऐवज आहे. कॅन्डिडा आणि ॲस्परजिलस ग्लुकोसिलसेरामाइड बनवतात, आणि त्याच्या कण्यात नवव्या कार्बनवर एक मिथाइल असतं, बुरशीची सहीच. बेकरीच्या यीस्टमध्ये हा मेद नाही. मुळ्याच्या बियांतलं एक प्रथिन याच मेदाला चिकटून कॅन्डिडा मारतं आणि यीस्टला सोडून देतं. इनोसिटॉल जोडलेले स्फिंगोलिपिड मात्र यीस्टमध्ये आहेत, पण ते इतके ध्रुवीय की ब्लाय-डायरमध्ये बरेचसे पाण्याच्या थरात जातात आणि आपण ते बेसिनमध्ये ओततो. ते हवे असतील तर क्लोरोफॉर्म-मेथॅनॉल आधी १७:१, मग उरलेल्यावर २:१, असं दोन टप्प्यांत काढा. वेळ नसेल तर सोडा, पण ‘स्फिंगोलिपिड पाहिलेले नाहीत’ असं स्वच्छ लिहा.

मेद काढण्याबद्दल दोनच गोष्टी. गोळा केलेल्या पेशी लगेच ७५ अंशांच्या आयसोप्रोपेनॉलमध्ये पंधरा मिनिटं ठेवा, म्हणजे पेशीतली लायपेझं (मेद तोडणारी एन्झाइमं) मरतात. नाहीतर पेशी फोडेपर्यंत ती फॉस्फोलिपिड खात बसतात. त्यानंतर अर्ध्या मिलिमीटरच्या काचेच्या मण्यांनी फोडा आणि प्रत्येक नमुन्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा. यीस्ट ९० टक्के फुटलं आणि रायझोपस ५० टक्के, तर तुम्ही पटलांची नव्हे, भित्तींच्या चिवटपणाची तुलना केलीत. क्लोरोफॉर्म प्लॅस्टिकच्या नळीत अजिबात नको. त्यातून उतरलेलं इरुकामाइड क्रोमॅटोग्रामवर इतकं देखणं दिसतं की मी एकदा त्याला आठवडाभर नवा मेद समजले होते.

नावाचंही बघा. तुम्ही अख्ख्या पेशीतले मेद काढलेत. त्यात मायटोकॉन्ड्रिया आले, केंद्रकाचं आवरण आलं. तुमच्या नमुन्यात कार्डिओलिपिन सापडलं तर ती मायटोकॉन्ड्रियाची पावती समजा. म्हणून शीर्षक ‘पेशीपटलातील मेद’ नको, ‘पेशीतील पटल-मेद’ ठेवा. परीक्षक पहिला प्रश्न इथेच विचारतो.

आता हातात तीन महिने आहेत असं धरून: सगळ्यांना यीस्ट नायट्रोजन बेस (ठरावीक घटकांचं तयार माध्यम) आणि दोन टक्के ग्लुकोज, ३० अंश. तीन वेगवेगळ्या दिवशी तीन वेगळ्या पेरण्या. एकाच फ्लास्कातली तीन इंजेक्शनं म्हणजे तीन पुनरावृत्ती नव्हेत, ती यंत्राची परीक्षा. आंतरप्रमाण (मोजमापाला आधार म्हणून ठरावीक मात्रेत घालायचा पदार्थ) म्हणून कापणीनंतर कोलेस्टेरॉल घाला. या पाचांत कुणी ते बनवत नाही, म्हणून चालतं. कायट्रिडवर काम कराल तेव्हा ते वापरू नका. आणि पिथियम टाकून देऊ नका. त्याचे तीन संच लावा: एकात स्टेरॉल नाही, एकात सिटोस्टेरॉल, एकात एर्गोस्टेरॉल. जे दिलं तेच पटलात सापडतं का, आणि ऊस्पोर कुठल्या संचात धरतात, हे बघा. शोध नवा नाही, पण तुमच्या पाच जीवांमधलं हे एकच ‘स्वतः न बनवणारं’ आहे, आणि बाकी चौघांशी तुलना करायला याच्याइतकं सोयीचं दुसरं मिळणार नाही.

हे सगळं सुरू करण्यापूर्वी बटाट्याच्या पाण्याचा तो रिकामा फ्लास्क लावा. फ्रीजमध्ये जुन्या माध्यमाची एखादी बाटली नक्की उरली असेल. तिचा क्रोमॅटोग्राम आला की इथेच टाका, ४८६ मी स्वतः शोधून देईन.